एन८४ : कोंब कुठला, नोंद कशाची

आयसीडी-१० या जागतिक रोगवर्गीकरणाचे चौदावे प्रकरण मूत्रसंस्था आणि जननसंस्थेच्या आजारांचे आहे. त्यात एन८३ खाली बीजांडकोशाच्या साध्या गाठी येतात, एन८५ खाली गर्भाशयाचे इतर काही आजार येतात आणि या दोघांच्या मधे आहे एन८४ : स्त्रीच्या जननमार्गातले पॉलिप. मजकूर अर्धे पानही भरत नाही. एन८४.० म्हणजे गर्भाशयाच्या आतला पॉलिप, एन८४.१ गर्भाशयाच्या तोंडाचा, एन८४.२ योनिमार्गाचा, एन८४.३ बाह्य जननेंद्रियाचा, एन८४.८ इतर ठिकाणचा आणि एन८४.९ जागा न सांगितलेला. पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. तरीही मेडिकल कोडिंग शिकणाऱ्याने या अर्ध्या पानावर बराच वेळ थांबावे, असे मला वाटते. निदानाला क्रमांक देण्याच्या कामातले जवळजवळ सगळे अवघड प्रश्न इथे एकत्र भेटतात. कोड कशाला द्यायचा? डोळ्यांना दिसले त्याला, डॉक्टरांना वाटले त्याला, की प्रयोगशाळेत सिद्ध झाले त्याला?

आधी आजार पाहू. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा एखादा भाग जास्त वाढतो, त्यात ग्रंथी असतात, आधार देणारी पेशीजाले असतात आणि मधून रक्तवाहिन्या जातात. असा मऊ कोंब कधी बारीक देठावर लोंबतो, तर कधी रुंद बुडाने अस्तरालाच चिकटलेला असतो. आकार काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. दवाखान्यात बायकांना बहुतेकदा ‘पिशवीत मांस वाढलंय’ एवढेच सांगितले जाते. चाळिशी-पन्नाशीत हे पॉलिप जास्त आढळतात. स्थूलपणा, उच्च रक्तदाब आणि स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे औषध यांच्याशी त्यांचा संबंध दिसतो. काहींना दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाते, काहींची पाळी जास्त दिवस चालते, काहींना पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागते. अनेकींना मात्र कसलाही त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत पॉलिप सापडतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा पॉलिप त्यामानाने साधा. तपासणीच्या वेळी लालसर, बोंडासारखा बाहेर डोकावलेला दिसतो, संबंधानंतर थोडे रक्त जाते आणि पुष्कळदा ओपीडीतच चिमट्याने पिरगाळून काढता येतो. तो कर्करोगाचा निघण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. गर्भाशयाच्या आतल्या पॉलिपांतही बहुतांश निरुपद्रवीच असतात, पण पाळी गेलेल्या बायकांच्या पॉलिपांत कर्करोग किंवा त्याआधीची अवस्था सापडण्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के आहे, तर पाळी चालू असलेल्यांत ते दोन टक्क्यांच्या आत आहे. या पाच टक्क्यांमुळे पॉलिपची नोंद हा निव्वळ कागदोपत्री विषय राहत नाही. काढलेला प्रत्येक पॉलिप पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे आणि तिथून आलेला शब्द नोंदीत उतरला पाहिजे.

आता कोडिंगची पद्धत. आयसीडी-१० ला दोन अंगे आहेत, वर्णानुक्रमाची सूची आणि क्रमांकांची यादी. कोडर आधी सूचीत ‘पॉलिप’ शोधतो, त्याखाली अवयव शोधतो, तिथे दिलेला क्रमांक घेतो. नवखा माणूस इथेच थांबतो. कामातला माणूस तो क्रमांक घेऊन यादीत जातो, कारण खऱ्या अटी तिथे लिहिलेल्या असतात. एन८४ च्या माथ्यावर दोन वर्ज्य गोष्टी नोंदवल्या आहेत. अॅडेनोमॅटस पॉलिप इथे धरायचा नाही, तो डी२८ मध्ये, म्हणजे निरुपद्रवी अर्बुदांत जातो. आणि वारेचा पॉलिप इथे धरायचा नाही. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर आत राहिलेल्या वारेच्या तुकड्याभोवती तो तयार होतो, आणि त्याची जागा बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतींत, ओ९०.८ मध्ये. एन८४.० च्या खाली तिसरी अट आहे : अस्तराची पॉलिपसारखी दिसणारी अतिवाढ इथे नाही, ती एन८५.० मध्ये.

ही तिसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टात कधी ‘एंडोमेट्रियल पॉलिप’ लिहितो, कधी ‘पॉलिपॉइड’. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण पहिल्या शब्दात एका जागी वाढलेला वेगळा कोंब आहे. दुसऱ्यात सगळे अस्तरच फुगून ठिकठिकाणी कोंबासारखे दिसते आहे. अतिवाढीचे काही प्रकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात, त्यांचे उपचार वेगळे आणि तपासण्या वारंवार कराव्या लागतात. रिपोर्टातला शब्द अर्धाच वाचून एन८४.० दिला, तर नोंदीपुरती ती बाई त्या धोक्यातून बाहेर पडते. शरीरात धोका तसाच राहतो.

दुसरी नेहमीची गफलत जागेची आहे. पॉलिप डोकावतो एका ठिकाणी आणि उगवलेला असतो दुसऱ्या. गर्भाशयाच्या आत लांब देठावर वाढलेला पॉलिप खाली सरकत तोंडातून बाहेर येतो. तपासणारे डॉक्टर तोंडावर पाहतात आणि ‘सर्व्हायकल पॉलिप’ लिहितात. कोड मुळाचा द्यायचा असतो, दर्शनाचा नाही. हिस्टेरोस्कोपीत, म्हणजे गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून पाहताना, देठ अस्तराला लागलेला दिसला, तर एन८४.१ चा एन८४.० होतो. आणि तोच बाहेर आलेला कोंब घट्ट, स्नायूचा निघाला, तर तो पॉलिपच नव्हे. ती अस्तराखालची फायब्रॉइडची गाठ, देठावर लोंबत खाली आलेली. डॉक्टर बोलताना तिला ‘फायब्रॉइड पॉलिप’ म्हणतात, पण वर्गीकरणात तिची जागा डी२५.०. म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारी गोष्ट तीन वेगळ्या क्रमांकांची असू शकते आणि त्यातला खरा कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. तो फक्त लिहिलेले वाचू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या टिपणात ‘पॉलिप काढला’ या दोन शब्दांऐवजी ‘गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवरून, बारीक देठाचा, सुमारे दोन सेंटिमीटरचा पॉलिप काढला’ असे वाक्य हवे. हे लिहायला डॉक्टरांचे अर्धे मिनिट जाते.

अमेरिकेत या कोडिंगचे नियम फार काटेकोर आहेत, कारण तिथे विम्याचा प्रत्येक पैसा कोडवर ठरतो. तिथली आवृत्ती आयसीडी-१०-सीएम ही १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. त्याआधीच्या नवव्या आवृत्तीत पॉलिप विखुरलेले होते. गर्भाशयाचा ६२१.०, तोंडाचा ६२२.७, योनिमार्गाचा ६२३.७, बाह्य जननेंद्रियाचा ६२४.६. तेव्हा अवयव आधी आणि विकार नंतर अशी मांडणी होती. दहाव्या आवृत्तीने विकार पुढे आणला, चारही पॉलिप एन८४ खाली एकत्र केले आणि अवयव दशांशानंतर ठेवला. मला ही मांडणी जास्त पटते. पॉलिपांचा एकत्र विचार करायचा असेल, तर ते आधी एकत्र मोजता आले पाहिजेत.

अमेरिकी नियमांनी एका रुग्णाची नोंद कशी बदलत जाते, ते पाहू. समजा, छप्पन्न वर्षांची एक बाई. पाळी बंद होऊन पाच वर्षे झाली आणि एक दिवस कपड्याला रक्त लागले. ती डॉक्टरांकडे जाते. डॉक्टरांच्या मनात पॉलिप येतो, कर्करोगही येतो आणि टिपणात ते लिहितात : पॉलिप असावा, कर्करोग नाही याची खात्री करायची. या भेटीचा कोड काय? ना पॉलिप, ना कर्करोग. बाह्यरुग्ण विभागात ‘असावा’, ‘शंका आहे’, ‘खात्री करायची’ अशा शब्दांना कोड मिळत नाही. जे निश्चित आहे त्यालाच मिळतो, आणि निश्चित आहे ते एवढेच की पाळी गेल्यावर रक्त गेले : एन९५.०. पुढे सोनोग्राफीत अस्तर जाड दिसते. तेही निदान नव्हे, तो तपासणीतला असामान्य निष्कर्ष, त्याला आर९३.८९. मग हिस्टेरोस्कोपी होते, कोंब दिसतो, काढला जातो. शस्त्रक्रियेचा क्रमांक वेगळ्या पुस्तकातला, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटीतला : ५८५५८. निदानाच्या रकान्यात एन८४.० लिहायला आता हरकत नाही असे वाटते, पण चांगला कोडर थांबतो. बाटलीतला तुकडा अजून प्रयोगशाळेत आहे. रिपोर्ट साध्या पॉलिपचा आला तर एन८४.०. त्यात विचित्र पेशींची अतिवाढ निघाली तर एन८५.०२. कर्करोग निघाला तर सी५४.१, आणि मग पॉलिप हा शब्द नोंदीतून बाजूला होतो, कारण घातक पॉलिप हा त्या अवयवाचा कर्करोग म्हणूनच नोंदवायचा असतो.

एकाच बाईची, एकाच तक्रारीची ही नोंद, आणि ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. प्रत्येक टप्प्यावरचा कोड त्या दिवशी जेवढे कळले होते तेवढेच सांगतो. ही शिस्त मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पहिल्याच दिवशी कुणी सी५४.१ टाकला असता, तर पुढे रिपोर्ट साधा येऊनही तिच्या विम्याच्या इतिहासात कर्करोग चिकटला असता. आणि रिपोर्टाची वाट न पाहता एन८४.० टाकून फाइल बंद केली असती, तर खरा कर्करोग मोजणीतून निसटला असता.

रक्तस्रावाचा कोड पॉलिपच्या कोडसोबत पुन्हा लिहायचा का, यावर कोडरांत वाद होतात. नियम सांगतो की आजाराचा नेहमीचाच भाग असलेले लक्षण वेगळे लिहू नये. माझे मत असे की अनेक पॉलिप मुकाट्याने वाढतात, रक्तस्राव त्यांच्यासोबत असतोच असे नाही, म्हणून डॉक्टरांनी तो उपचाराचे कारण म्हणून स्वतंत्रपणे लिहिला असेल तर त्याची नोंद राहू द्यावी. शस्त्रक्रिया का करावी लागली हे त्यातूनच कळते.

इथे एक फरक आहे, जो ऐकताना विचित्र वाटतो. वर सांगितलेला ‘शंकेला कोड नाही’ हा नियम बाह्यरुग्णांचा. रुग्ण रुग्णालयात दाखल होऊन घरी जाताना डॉक्टरांनी शेवटच्या टिपणात ‘बहुधा अमुक’ लिहिले असेल, तर ते असल्यासारखेच कोड करावे, असा अमेरिकेतला दाखल रुग्णांचा नियम आहे. त्यामागे विचार असा की तपासणीचा आणि देखभालीचा सगळा खर्च त्या शंकेपोटीच झालेला असतो. पॅथॉलॉजी रिपोर्टाचे मात्र बरोबर उलटे. बाह्यरुग्णाच्या बाबतीत पॅथॉलॉजिस्ट हाही डॉक्टरच, त्यामुळे त्याच्या अंतिम रिपोर्टावरून कोडर थेट कोड देऊ शकतो. दाखल रुग्णाच्या बाबतीत रिपोर्ट समोर असूनही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो निष्कर्ष स्वतःच्या टिपणात मान्य केल्याशिवाय कोड देता येत नाही. तेव्हा कोडर डॉक्टरांना लेखी विचारणा करतो. कामाच्या भाषेत तिला ‘क्वेरी’ म्हणतात. क्वेरीत उत्तर सुचवायचे नसते. ‘हा कर्करोग म्हणून लिहू का?’ असे विचारणे चुकीचे. ‘अमुक तारखेच्या रिपोर्टात असे नमूद आहे, आपले निदान कृपया स्पष्ट करावे’ असे विचारायचे.

गर्भारपणात तर प्रकरणच बदलते. सात महिन्यांच्या गरोदर बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा पॉलिप निघाला, तर एन८४.१ उपयोगाचा नाही. गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरचा काळ यांचे पंधरावे प्रकरण इतर सगळ्यांच्या आधी पाहायचे असते. तिथे ओ३४.४ हा क्रमांक तोंडाच्या इतर विकृतींसाठी आहे आणि अमेरिकी आवृत्तीत त्यापुढे तिमाहीचा आकडाही लागतो. कारण सरळ आहे. तोच कोंब आता दोन जिवांशी संबंधित झालेला असतो, आणि गरोदरपणात अंगावरून गेलेल्या रक्ताचा अर्थ डॉक्टरांना वेगळ्याच काळजीने लावावा लागतो.

आता आठ आणि नऊ. आयसीडी-१० मध्ये जवळजवळ सगळीकडे दशांशानंतरच्या या दोन आकड्यांना ठरलेले काम आहे. आठ म्हणजे डॉक्टरांनी जागा किंवा प्रकार नेमका लिहिला, पण वर्गीकरणात त्याच्यासाठी स्वतंत्र खण नाही. नऊ म्हणजे खण आहेत, पण डॉक्टरांनी लिहिलेच नाही. एन८४.८ हे वर्गीकरणाचे अपुरेपण आहे, एन८४.९ हे नोंदीचे. ज्या रुग्णालयाच्या आकडेवारीत नऊचा आकडा भरभरून दिसतो, तिथे आजार अवघड असतात असे नाही. तिथे टिपणे अपुरी असतात. विमा कंपन्याही नऊ पाहिला की पैसे अडवतात, कारण दुर्बिणीने आत पाहून कोंब काढणाऱ्या डॉक्टरांना तो कोणत्या अवयवातला हे ठाऊक नव्हते, हे त्यांना पटत नाही.

चांगल्या हेतूने केलेली व्यवस्थाही कधी नऊकडे नेते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये असामान्य रक्तस्रावाच्या कारणांची एक पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. ‘पाम-कोइन’ या नावाने ती ओळखली जाते. माल्कम मन्रो, हिलरी क्रिचली, मायकल ब्रोडर आणि इयन फ्रेझर यांनी ती तयार केली. नऊ कारणांच्या आद्याक्षरांतले पहिले ‘पी’, म्हणजे पॉलिप. सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीत पॉलिप दिसला की डॉक्टर ‘एयूबी-पी’ (एयूबी म्हणजे असामान्य रक्तस्राव) लिहितात आणि जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ ते समजतात. उपचारासाठी ही खूण उत्तम. पण या ‘पी’मध्ये गर्भाशयाच्या आतला आणि तोंडाच्या नळीतला असे दोन्ही पॉलिप येतात. टिपणात नुसते एयूबी-पी असेल, तर कोडरला शून्य लिहिता येत नाही, एकही लिहिता येत नाही. डॉक्टरांनी आपल्या परीने अचूक लिहिले आणि तरी नोंद एन८४.९ वर येऊन थांबली.

आयसीडीसारखी वर्गीकरणे मुळात उभी राहिली ती मृत्यूंची कारणे मोजण्यासाठी. इंग्लंडच्या निबंधक कार्यालयात विल्यम फार यांनी १८३९ पासून मृत्यूंच्या कारणांची सुसंगत विभागणी सुरू केली. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांची आकडेवारी एकाच नमुन्यात ठेवण्याची योजना मांडली. १८९३ मध्ये शिकागोत जाक बर्तियाँ यांची यादी स्वीकारली गेली आणि १९०० मध्ये पॅरिसला तिची पहिली उजळणी झाली. त्या काळच्या याद्यांत गर्भाशयाचा रक्तस्राव, गर्भाशयाच्या कर्करोगाखेरीजच्या गाठी आणि गर्भाशयाचे इतर आजार एवढेच ढोबळ मथळे होते. ते स्वाभाविकच होते. पॉलिपने सहसा कुणी मरत नाही, आणि जे मारत नाही ते मृत्यूच्या यादीत दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आल्यावर १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूंबरोबर आजारपणेही रीतसर मोजली जाऊ लागली, आणि बायकांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या पण जीव न घेणाऱ्या आजारांना खऱ्या अर्थाने जागा मिळाली. दहावी आवृत्ती मे १९९० मध्ये मंजूर झाली.

अमेरिकेतल्या रुग्णांच्या या नोंदींचा मोठा भाग आज भारतात कोड होतो. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कार्यालयांत बी. फार्म., बी. एस्सी., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. झालेली मुले-मुली एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा देऊन चार्ट वाचत असतात. ऑडिटमध्ये सहसा पंचाण्णव टक्के अचूकतेची अपेक्षा असते आणि चार्टांचा रोजचा कोटाही पूर्ण करायचा असतो. ज्या बाईचा पॉलिप ते नोंदवतात ती हजारो मैलांवर आहे, तिचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही. त्यांच्यापुढे असते ते फक्त डॉक्टरांचे वाक्य. या कामाला आपल्याकडे डेटा एन्ट्री समजतात, ते मला मुळीच मान्य नाही. ‘पॉलिपॉइड’ आणि ‘पॉलिप’ यांत थांबून फरक करणारी मुलगी शरीररचना आणि विकृतिशास्त्र वाचूनच तो फरक करत असते.

आपल्या रुग्णांच्या नोंदींचे मात्र काय? आरोग्यविम्याच्या प्रमाणित क्लेम फॉर्मात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० चा रकाना असतो. तो कोण भरतो आणि काय वाचून भरतो, हे त्या त्या रुग्णालयावर अवलंबून. खिशातून पैसे देऊन उपचार घेणाऱ्या बाईच्या बाबतीत तर तो रकानाही नसतो. तिच्या कागदावर असते ‘पिशवीला सूज’ किंवा ‘पिशवीला गाठ’. यातल्या कुठल्याही शब्दावरून एन८४ कडे किंवा डी२५ कडे जाता येत नाही.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशय काढलेल्या बायकांना त्याचे कारण विचारले गेले. निम्म्याहून अधिक जणींनी पाळीतला अतिरक्तस्राव किंवा वेदना हे कारण सांगितले. म्हणजे त्यांनी लक्षण सांगितले. त्या रक्तस्रावामागे पॉलिप होता, फायब्रॉइड होता, अतिवाढ होती, की यातले काहीच नव्हते, हे त्या उत्तरात नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणायला सांगितले. शस्त्रक्रिया आवश्यक होती की नाही, हे मागाहून तपासायचे तर हातात दोनच गोष्टी लागतात : शस्त्रक्रियेआधी लिहिलेले निदान आणि नंतर आलेला पॅथॉलॉजी रिपोर्ट. निदानात एन८४.० असेल, तर लगेच पुढचा प्रश्न विचारता येतो. दुर्बिणीतून काढता येण्याजोग्या साध्या पॉलिपसाठी सगळे गर्भाशय का काढले? ‘पिशवीला सूज’ या शब्दांना असा प्रश्न विचारता येत नाही. निदान नेमके लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

नव्या साधनांनी काही अडचणी कमी होतील. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये मूळ कोडला जागेचे, ऊतींचे तपशील जोडून एकत्र साखळी लिहिता येते. डॉक्टरांच्या टिपणांसाठी असलेल्या स्नोमेड-सीटी या शब्दसंग्रहाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. पण साखळी कितीही लांब जोडता आली, तरी तिच्यात टाकायला डॉक्टरांनी लिहिलेला तपशील लागतोच.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरातल्या बायकांचे कागद सांभाळणाऱ्यांना, एक विनंती. पॉलिप काढला असेल तर डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी आहेत का ते घरी जाण्याआधी पाहा : पॉलिप कुठला होता, कसा काढला आणि तपासणीला पाठवला का. रिपोर्ट आठवड्या-दीड आठवड्याने येतो, तोवर त्रास थांबलेला असतो आणि तो आणायला कुणी जात नाही. जा, तो घेऊन या, डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून अंतिम निदान कार्डावर लिहून घ्या आणि पाळी गेलेल्या बाईचा रिपोर्ट असेल तर त्यात एक दिवसाचाही उशीर करू नका.